गजाने सोडलेले मासे

गजा,

तुला जाऊन आज चौदा दिवस झाले. परवा मरोळच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. कंपनीतून रिटायर झालेली आपली सगळी मंडळी आली होती. तुझा फोटो मोठा केला होता, हार होता, उदबत्ती होती आणि फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'कंपनीचे नामवंत यष्टिरक्षक कै. गजानन यांना श्रद्धांजली'. यष्टिरक्षक! तेरा वर्षं तू फुटबॉलच्या गोलात उभा राहिलास आणि मेल्यावर लोकांनी तुला तीन स्टंपांच्या मागे बसवलं. मी खडू मागायला गेलो, तर तो नवा पोरगा म्हणाला, "काका, राहू द्या ना. दोघंही अडवतातच ना?" तू असतास तर हसून हसून खुर्चीवरून पडला असतास, म्हणून मी खडू परत ठेवला.

मग मला बोलायला सांगितलं. उभा राहिलो, 'गजा फार प्रामाणिक होता' एवढं म्हणालो आणि खाली बसलो. बायकांना वाटलं, दुःख झालंय. दुःख होतंच. पण खाली बसलो तो प्रामाणिक या शब्दामुळे. कारण आपल्या दोघांमध्ये एक प्रश्न चाळीस वर्षं अर्धवट राहिला होता आणि त्याचं खरं उत्तर मी तुला कधीच दिलं नव्हतं.

तू दर वर्षी दोन-तीनदा तरी विचारायचास. गणपतीत, शिमग्याला, माझ्या मुलीच्या लग्नात तर अक्षता टाकता टाकता कानाशी आलास. "मध्या, खरा सांग. तो बॉल आत गेल्लो काय रे?" आणि मी दर वेळी म्हणायचो, "छे! रेषेवर होता. किती वेळा सांगू?" मग तू मान डोलवायचास आणि विषय बदलायचास.

आपण कोण होतो ते आधी लिहितो, कारण हे माझ्या नातवानेही वाचावं असं वाटतं. तू मालवणकडचा, घाटकोपरच्या चाळीत थोरल्या भावाकडे राहणारा. एका खोलीत सातजण, त्यात तू नि तुझी नवीन लग्न झालेली बायको. मी मुलुंडचा. माझे वडील सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, ते फुटबॉलला 'चेंडू' म्हणत, आणि तो शब्दही नाक मुरडून. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मरोळच्या आपल्या पंख्यांच्या कारखान्याच्या मालकाला फुटबॉलचं वेड होतं, म्हणून कंपनीची टीम होती आणि टीमसाठी आपल्यासारखी पोरं नोकरीला ठेवलेली होती. कागदावर आपण दोघेही 'हेल्पर, पॅकिंग खातं, टेंपररी'. दुपारी दोनपर्यंत पंखे खोक्यात भरायचे आणि दोननंतर मैदानावर धावायचं.

तुला मात्र कागदावरचं ते हेल्पर मान्य नव्हतं. भरतीच्या फॉर्मवर व्यवसाय या रकान्यात तू 'गोलकीपर' लिहिलंस. टाइम-ऑफिसच्या क्लार्कने ते खोडून 'हेल्पर' लिहिलं. तू त्याच्यासमोर ते खोडलंस आणि पुन्हा 'गोलकीपर' लिहिलंस. तीन वेळा खाडाखोड झाल्यावर कागदाला भोक पडलं. क्लार्क म्हणाला, "अरे, असा धंदा असतो का?" तू म्हणालास, "तुम्ही बिलां अडवतास, मी बॉल अडवतंय. माझो धंदो जास्त कठीण आसा." फोरमन तर तुझ्या नावाने बोटं मोडायचा. त्याचं म्हणणं, आम्ही खोकी उचलायची आणि हा मैदानात जाऊन उड्या मारणार.

पण उड्या मारायचास झकास! उंची बेताची, साडेपाच फूट जेमतेम. पण बॉल वरच्या कोपऱ्यात चालला की तू कुठूनसा तिथे पोचायचास. आणि सतत बडबड. मी तुझ्यापुढे बॅक म्हणून खेळायचो, त्यामुळे नव्वद मिनिटं तुझे बोल ऐकणं हे माझं नशीब. "मध्या, डावीकडे बघ! मध्या, झोपलंस काय? मध्या, तेका धर, तो तुझो जावई नाय!" समोरच्या टीमचे फॉरवर्ड हसत सुटायचे आणि गोल मारायचे राहायचे.

मॅचच्या आधीचं तुझं गाऱ्हाणं तर सगळ्या लीगमध्ये गाजलं होतं. गोलपोस्टच्या मुळाशी नारळ ठेवायचास, हात जोडायचास आणि मोठ्याने सुरू, "बा देवा महाराजा, आज ह्या मैदानार तुझी लेकरां उभी रवली हत. समोरच्यांचे पाय घसरांदेत, बॉल आमच्या हातात येवंदे, रे महाराजा!" आणि आम्ही दहाजण, त्यात एक गोव्याचा जोसेफ आणि एक केरळचा नायर, रिंगण करून ओरडायचो, "व्हय महाराजा!" एकदा समोरच्या कॅप्टनने तक्रार केली. रेफ्रीने खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि म्हणाला, याविरुद्ध काही लिहिलेलं नाही. पण नारळ मैदानाबाहेर ठेवा, तेवढं करा.

तुझा प्रामाणिकपणा मात्र टीमला महागात पडायचा. मालाडच्या त्या मॅचमध्ये बॉल गोललाइनच्या बाहेर गेला, रेफ्रीने गोलकिक दिली, सगळे मागे फिरले, आणि तू हात वर करून रेफ्रीकडे धावत गेलास. "साहेब, कॉर्नर आसा. माझ्या बोटाक लागलो." रेफ्रीसुद्धा गोंधळला. कॉर्नर दिला, त्यावर गोल झाला, आपण हरलो. जोसेफ तुझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मी विचारलं, "काय गरज होती रे?" तर तू बोट दाखवलंस. "ह्या बघ, सुजला हा. मी नाय म्हटला तरी बोट काय खोटा बोलतला?"

आणि लोणच्याची बरणी आठवते? मी घाटकोपरला तुझ्याकडे आलो होतो, आपण चाळीच्या अंगणात उभे. वरच्या मजल्यावरून कुणाच्या तरी हातून भरलेली बरणी सुटली. बायका किंचाळल्या. तू तीन पावलं धावलास, आडवा झालास आणि जमिनीपासून हातभर वर बरणी छातीशी धरलीस. काय टाळ्या पडल्या! पण बॉल पकडला की लगेच लांब द्यायचा, ही तुझी सवय. उठलास आणि "मध्या, घे!" म्हणून बरणी माझ्याकडे फेकलीस. मी बॅक. बॉलला हात लावायचा नाही हे माझ्या अंगात भिनलेलं. मी छाती पुढे केली. ते कैरीचं लोणचं माझ्या शर्टातून कधीच गेलं नाही. मुलुंडला घरी पोचलो तर वडील म्हणाले, "चेंडू खेळून आलास की जेवून?"

आता ती मॅच.

सीझनची शेवटची. जिंकलो तर वरच्या डिव्हिजनमध्ये राहणार, बरोबरी झाली तरी खाली जाणार. आणि वेल्फेअरच्या साहेबांनी आदल्या दिवशी आपल्या दोघांना बोलावून कागद दाखवला होता. त्यावर दोन नावं. तुझं आणि माझं. टीम वर राहिली तर दोघेही परमनंट, आणि तुला कंपनीच्या चाळीत दोन खोल्या. खाली गेली तर मालक टीम बंद करणार आणि टेंपररी माणसांना नमस्कार. तुझ्या थोरल्या भावाच्या बायकोने घरात भांडी वेगळी करायला घेतली होती, म्हणजे तुला जागा हवीच होती. आणि माझ्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, या दिवाळीपर्यंत परमनंट झालास तर ठीक, नाहीतर तो चेंडू सोड आणि टायपिंगच्या क्लासात बस.

मालक स्वतः बघायला येणार म्हणून माळ्याने रेघांवर चुना दाबून टाकला होता. बोटभर जाड. आपण एक गोलने पुढे. पाचेक मिनिटं उरली असतील. त्यांना कॉर्नर मिळाला. तू पुढे झेपावलास, बॉल तुझ्या डोक्यावरून गेला, कुणीतरी हेड मारलं आणि बॉल संथपणे टप्पे घेत आपल्या रिकाम्या गोलाकडे निघाला. तू उलटा वळलास, पोटावर पडलास, दोन्ही हात लांब करून बॉल गाठलास आणि ओढून छातीखाली घेतलास. रेफ्री मैदानाच्या मध्यात घसरून बसला होता. लाइन्समनच्या पुढे आठ-दहाजणांची गर्दी. लांबच्या पोस्टला हात टेकून उभा होतो तो मी. तू गाठलास तेव्हा बॉल नेमका कुठे होता, हे बघणारा मैदानावर मी एकटाच.

आणि मी काय केलं? दोन्ही हात वर करून ओरडलो, "क्लिअर! क्लिअर! रेषेवर!" इतक्या जोरात की मलाही खरं वाटलं. रेफ्री उठला, चड्डी झटकली आणि म्हणाला, खेळा.

आपण जिंकलो. मालकांनी पेढे वाटले. त्या गडबडीत तू मला बाजूला घेतलंस. जर्सी मातीने भरलेली, चेहरा असा की गोल खाल्लाय. "मध्या, तू बघलंस. बॉल आत गेल्लो काय?" मी म्हणालो, "वेडा आहेस का? रेषेवर होता." तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "बरा तर. माझे मासे सुटले." मी विचारलं, "म्हणजे?" "नवस केल्लंय. बॉल अडवलंय तर जल्मभर मासे खावचंय नाय."

मी हसलो. म्हटलं, मालवणी माणूस मासे सोडणार? आठवडा काढलास तरी पुष्कळ.

चाळीस वर्षं काढलीस रे बाबा. कंपनीच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या, त्या खोल्यांत दर रविवारी मी यायचो. तुझी बायको, म्हणजे माझ्या शालिनी वहिनी, बांगडे तळायच्या, माशांचं तिखलं करायच्या, सुंगटाची म्हणजे कोळंबीची कढी करायच्या, आणि तू आमटीभात पुढे घेऊन माझ्या पानाकडे बघत बसायचास. काटा कसा काढायचा ते मला शिकवायचास. "डोक्याकडसून सुरवात कर. अरे, असा काय खातस, मेलेल्या जिवाचो काय मान आसा की नाय?" मी चवीने खायचो. आता ते आठवलं की पान बाजूला सारतो.

कारण, गजा, बॉल आत गेला होता. चांगला वीतभर. मध्ये गवत दिसत होतं मला.

मी स्वतःला सांगत आलो की, हे मी तुझ्यासाठी केलं. खरं सांगितलं असतं तर तू तिथेच रेफ्रीकडे गेला असतास, बोट दाखवून, जसा मालाडला गेला होतास. तुझी नोकरी गेली असती, खोल्या गेल्या असत्या. मित्राला वाचवलं, असं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटायचो. त्या कागदावर दुसरं नाव माझं होतं, हे मी त्यात कधी धरायचो नाही. आणि आपल्या जागी जी टीम खाली गेली, तिच्यातले टेंपररी कोण होते, हे आपण कधी विचारलं नाही.

तुझा नवस मोडावा म्हणून मी काय कमी खटपट केली? कोळंबी हा मासा नाही, तो किडा आहे, असं पुस्तकात दाखवलं. तू म्हणालास, "मगे तू किडे खा." डॉक्टरांकडून लिहून आणलं की प्रोटीन कमी पडतंय. तू अंडी सुरू केलीस. शेवटी मी रजा काढून तुला तुझ्या गावी घेऊन गेलो आणि देवळात कौल लावायला बसवलं, नवसातून सोडवावं म्हणून. गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि तू त्याला थांबवलंस. म्हणालास, "देवाक उगाच मधी घालू नकात. ह्यो नवस तेच्याकडे नाय." मला वाटलं, तुझं डोकं फिरलंय. गुरवालाही तसंच वाटलं. त्याने नारळ मात्र ठेवून घेतला.

मग तुझे गुडघे गेले, खेळ सुटला. तू स्टोअरकीपर झालास आणि 'कीपर' हा शब्द तरी राहिला म्हणून खूष झालास. आपण दोघे रिटायर झालो. तेव्हा वाटलं, आता सांगावं. आता कोण नोकरी काढून घेणार? पण सांगायचं तर तुझ्या इतक्या वर्षांच्या आमटीभाताचं काय? फुकट गेला म्हणू? पुढच्या वर्षी बघू, असं करत राहिलो. गेल्या महिन्यात हॉस्पिटलात तुझ्या नाकात नळी होती. तरी तू बोटाने मला जवळ बोलावलंस. मला कळलं, काय विचारणार ते. आणि मी, माझ्या तोंडाला काय म्हणावं, तू विचारायच्या आधीच म्हणालो, "रेषेवर होता, गजा. तू झोप." तू डोळे मिटून हसलास.

आज दुपारी वहिनीकडे गेलो. तुमच्याकडे तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी मासे करतात आणि गेलेल्या माणसाचं पान आधी वाढतात. स्वयंपाकघरात बांगड्यांचा वास होता. तुझं केळीचं पान भिंतीशी मांडलेलं, त्यावर भात, आमटी, काळ्या वाटाण्याची उसळ. मासे नाहीत. वहिनी म्हणाल्या, "तेंचा नेम मी कशाक मोडू?" ते ऐकलं आणि मला राहवेना. मी दारातच उभा राहून सगळं सांगून टाकलं. बॉल आत होता. मला दिसला होता. मी खोटं बोललो.

वहिनी रडतील, चिडतील, मला हाकलतील, असं काहीतरी मी धरून चाललो होतो. त्यांनी तव्यावरचा बांगडा उलटला आणि म्हणाल्या, "भावजी, माका चाळीस वर्षां म्हायत आसा."

मी आत येऊन पाटावर बसलो.

"दुसऱ्या दिवशी सकाळी तेंची जर्सी धुवूक घेतलंय. दोनय बाह्यांर चुन्याची जाड रेघ, कोपराकडे. मी इचारलंय, ही रेघ खयची? म्हणाले, गोलाची. म्हटलंय, कोपरां रेघेर, मगे हात खय होते? आणि बॉल हातात, तर बॉल खय होतो? तर खाली बघून गप."

"म्हणजे गजाला ठाऊक होतं?"

"तेंका नाय तर कोणाक? हात तेंचे होते."

"मग सांगितलं का नाही? तो तर बोटाला बॉल लागला तरी सांगायचा!"

वहिनींनी गॅस बारीक केला. "म्हणाले, माझ्या एकट्याची नोकरी असती तर आत्ता जावन सांगलंय असतंय. पण कागदार मध्याचा नाव आसा. तेचो बापूस तेका टायपिंगाक बसवतलो. तो टायपिंगाक बसलो तर मरतलो."

गजा, मी तुला वाचवलं म्हणून चाळीस वर्षं मिरवत होतो आणि तू माझ्यासाठी गप्प बसला होतास. तुझ्यासारखा माणूस. गप्प.

"आणि मासे?" मी विचारलं.

"नवस-बिवस काय नाय. म्हणाले, दोघांनी मिळान लबाडी केलव, ती मी एकट्यान कशी सोडवू? मध्या ज्या दिवशी माका 'आत होतो' म्हणात, त्या दिवशी दोघां बसान बांगडो खावया. तवसर नको. म्हणान इचारीत ऱ्हवले. तुमी 'नाय' म्हणीत आणि मी परत आमटी वाढी. मी म्हणी, तुमीच सांगा तेंका. तर म्हणत, नको, तेका वाटता तेना माका वाचवल्यान, खुशीत आसा, कशाक मोडू?"

माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकताना तू भुकेला होतास रे. मी एक शब्द खरा बोललो असतो तर पंगतीत बसण्याआधी आपण मासळी बाजारात गेलो असतो. हॉस्पिटलात नळी नाकात असताना तू मला शेवटची संधी देत होतास आणि मी तुला झोप म्हणालो. मी वहिनींच्या स्वयंपाकघरात बसून मोठ्याने रडलो. सत्तरीच्या घरातला माणूस, शेजारची बाई डोकावून गेली.

वहिनींनी मला रडू दिलं. मग त्यांनी तव्यावरचा सगळ्यात मोठा बांगडा उचलला, तुझ्या पानावर भाताच्या शेजारी ठेवला, वर लिंबाची फोड ठेवली आणि मला म्हणाल्या, "आता तेंका सांगा. माका सांगून काय उपेग?"

मी हात जोडले. काय म्हणायचं ते सुचेना. शेवटी जे होतं तेच म्हणालो.

खा, गजा. बॉल आत होता.